न जुळलेल्या ओळी

“अहो, मला नुसता आकडा नाही लिहिता येत,” पद्मजा म्हणाली. “मी माणसाला सांगतेय की यंत्राला?”

“यंत्रालाच,” मी म्हणालो.

ती सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होती. निवृत्त झाली तरी बोटं थांबत नव्हती. डॉक्टरांनी रोज सकाळी शुगर मोजून नोंद ठेवायला सांगितलं, तेव्हा मी तिच्यासाठी एक वेबपेज केलं. २०११ सालची गोष्ट. खराडीच्या कंपनीत माझं कामच ते होतं. लोक फॉर्ममध्ये वाटेल ते लिहितात, त्यातून आकडे वेगळे काढायचे. त्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितात. म्हणजे आकडा कसा दिसतो त्याचा नमुना द्यायचा. नमुन्यात बसेल ते ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं.

पद्मजा विश्रांतवाडीच्या घरून लिहायची आणि ऑफिसात माझ्या स्क्रीनवर आलेखात एक ठिपका वाढायचा. पहिल्याच आठवड्यात ठिपका एकदम खाली गेला. शुगर सदतीस. मी घाबरून फोन केला.

“काय लिहिलंस तू?”

“३७ नंबरची बस चुकली, देवळातून चालत आले, शुगर १४८.”

“बसचा नंबर कशाला त्यात?”

“मग चालत का आले ते कसं कळणार तुम्हाला?”

मी नमुना बदलला. ‘शुगर’ या शब्दानंतरचा पहिला आकडा तेवढा घ्यायचा. शेजारी बसणाऱ्या श्रद्धानं तो तपासून दिला.

“सर, पॅटर्न परफेक्ट आहे. पण काकूंचं बाकीचं टेक्स्ट कुठे सेव्ह होतं?”

“कुठेच नाही. काय करायचंय ते?”

“बिचाऱ्या काकू. केवढं टाइप करतात.”

आठ महिने आलेख व्यवस्थित चालला. मार्चमध्ये एका सकाळी पद्मजा स्वयंपाकघरात कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “छातीत दाब, दम लागणं, असं काही म्हणाल्या होत्या का गेल्या महिन्यात?”

नाही, असं सांगणार होतो. मग वाटलं, म्हणाली नसेल, पण लिहिलं असेल. रोज लिहीत होती. माझ्या खिशात आलेखाचा कागद होता, तो पुढे केला.

“शुगर छान ठेवली होती,” डॉक्टर म्हणाले, आणि कागद परत दिला.

तेराव्यानंतर कामावर गेलो. दुपारी श्रद्धा डबा उघडता उघडता थांबली.

“सर, मॅच झालं नाही की ती लाइन तुम्ही वेगळ्या फाइलमध्ये टाकता ना? आम्हाला तर नेहमी ओरडता, न जुळलेलं फेकायचं नाही म्हणून.”

टाकत होतो. पुढे चूक शोधायला बरं पडतं म्हणून, सवयीनं. घरच्या पेजची ती फाइल मी कधी उघडली नव्हती.

आठ महिने रोज सकाळी लिहिलेलं, आणि फाइलमध्ये अकरा ओळी. ज्या दिवशी तिनं आकडा लिहिला नाही, त्या दिवसांच्याच ओळी राहिल्या होत्या. ‘मीटरचा सेल संपला, येताना आणा.’ ‘आमोदचा फोन आला, बोलता बोलता मोजायचं राहून गेलं.’ आमोद आमचा मुलगा, बंगळुरूला असतो. दम लागल्याचं कुठे काही नव्हतं. लिहिलं असेल तर ते आकडा असलेल्या दिवशी लिहिलं असेल, आणि ते मी ठेवलं नव्हतं.

शेवटची ओळ फेब्रुवारीतली. ‘आज मोजली नाही. कंटाळा आला टोचून घ्यायचा. तुम्ही लवकर या, चालायला जाऊ.’

तो दिवस मला आठवतो. आलेखात जागा रिकामी राहिली होती. मी आठला घरी पोचलो. पद्मजा दाराजवळच्या खुर्चीवर चालायचे बूट घालून बसली होती. मी बॅगही खाली ठेवली नाही. विचारलं, “आज आकडा का नाही आला?”

ती वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली.