बेबीनंदाबाईंच्या गाण्यांचं कुलूप

मी एक लायब्ररी आहे. पण माझ्याकडे पुस्तक मागायला येऊ नका. मी कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामांना कुलूप-किल्ली पुरवते. फाइलमधला मजकूर मी असा काही विस्कटून ठेवते, की पासवर्डशिवाय तो कुणालाच, अगदी मलासुद्धा, वाचता येत नाही.

माझा जन्म कुठे झाला, हे नेमकं सांगता येणार नाही. पाच देशांतल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी मला हौसेनं लिहिलं. हौसेचं काम म्हणून भांडलेही मनसोक्त. एका ओळीवरून सव्वा वर्ष वाद चालला. शेवटी ती ओळच काढून टाकली.

अशी मी जाफराबादला राजानंद सरांच्या लॅपटॉपवर आले. त्यांच्या पत्नी बेबीनंदाबाई गाणी रचायच्या आणि सर ती टाइप करायचे. शेजारच्या गावच्या गायन पार्टीनं त्यातलं एक गाणं स्वतःचं म्हणून गायलं, तेव्हा सर पेटले. सगळी गाणी त्यांनी एका फाइलमध्ये घातली आणि माझ्याकडून तिला कुलूप लावून घेतलं. पासवर्ड दोघांनाच माहीत.

मागच्या वर्षी सर गेले. पाठोपाठ लॅपटॉपही गेला. फाइल तेवढी पेनड्राइव्हवर राहिली. यंदा पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या समारोपाला बुद्धविहारात बाईंचीच गाणी म्हणायची ठरली, आणि बाईंना कडवी आठवेनात. पहिली ओळ यायची, पुढं काहीच नाही.

लेक मोनाली मस्तगडहून नवा लॅपटॉप घेऊन आली. पासवर्ड बाईंना पाठ होता. अडचण माझी होती. त्या लॅपटॉपवर माझी नवी आवृत्ती होती, म्हणजे माझी नातच समजा. जुन्या पद्धतीचं कुलूप बघून तिनं नाक मुरडलं. 'हा प्रकार आता चालत नाही,' एवढंच लिहिलं.

शेजारचा मोबाइलवाला मिथुन धावून आला. "काकू, फॉरमॅट मारू का? बिलकुल नवं होतंय."

"तुझ्या दुकानाला मार," बाई म्हणाल्या.

मग मोनालीनं माझा जुना सोर्स कोड नेटवरून उतरवला. सोर्स कोड म्हणजे कोरडा शिधा. कंपायलरनं शिजवल्याशिवाय तो ताटात येत नाही. नव्या कंपायलरला हा शिधा पटेना. त्यानं चारशे तक्रारी लिहिल्या. मोनालीनं जुना कंपायलर शोधला, तक्रारी गेल्या; एक चूक मात्र हटेना. तीन दिवस ती मला नावं ठेवत होती. मी कुणापाशी बोलणार?

चौथ्या दिवशी बाई चहा घेऊन आल्या आणि चष्मा लावून पडद्याकडे बघत राहिल्या. सगळ्या इंग्रजी मजकुरात एकच शब्द मराठी होता.

"मोने, इथं 'बाबांचं' लिहिलंय. बाबांचं काय?"

"माझ्या फोल्डरचं नाव आहे आई. 'बाबांचं सामान'."

"मंग सामान कुठं गेलं? हे तर नुसतं बाबांचं, बाबांचं करून राह्यलंय."

मोनालीनं कपाळावर हात मारला. माझी जुनी खोड आहे ती. नावात मोकळी जागा दिसली की मला वाटतं, नाव संपलं. तिनं फोल्डरला सलग नाव दिलं आणि मी दोन मिनिटांत उभी राहिले.

बाईंनी एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. फाइल उघडली.

*पाटी धर लेकी, अक्षर कोर गं*
*थांबा हो, दूध उतू चाललं*
*अक्षरानं उजळंल दार गं*
*जेवले का तुमी? ताट वाढून ठिवलंय*

बाईंच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द सरांनी टाइप केला होता. स्वतःचा एकही नाही.

मोनाली हसता हसता खुर्चीवरून घसरली. "आई, हे मधलं मधलं काढून टाकू का?"

बाई बराच वेळ वाचत होत्या.

"विहारात न्यायच्या कागदातून काढ," त्या म्हणाल्या. "इथलं ऱ्हाऊ दे."

समारोप छान झाला म्हणे. मी आता त्या लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात असते. माझं कुलूप जुनं झालंय, हे मला मान्य आहे. नवं काही माझ्या भरवशावर ठेवू नका, नातीकडे द्या. फक्त मला पुसून टाकायची घाई करू नका. बाई अधूनमधून ती फाइल उघडायला सांगतात. गाणी त्यांना आता बराबर पाठ आहेत. त्या मधलं मधलं वाचतात.