सी शादलीचं सत्यवक्तं यंत्र

शुक्रवारची नमाज सुटली की आमच्या समुद्रकाठच्या झार्झिस गावातली अर्धी बाजारपेठ सी शादलीच्या ('सी' म्हणजे आमच्याकडे 'श्रीयुत') अंगणात येऊन बसायची. कुणाच्या हातात ऑलिव्ह तेलाचा डबा, कुणाच्या पिशवीत सकाळची ताजी मासळी, आणि एका बाईंनी तर जिवंत कोंबडीच आणली होती. ती रांगेतल्या सगळ्यांच्या चपलांवर चोच मारत हिंडत होती. हे सगळं कुणासाठी, तर एका कॉम्प्युटरसाठी. तोसुद्धा पाठीमागे भलंमोठं पोट सुटलेला, पिवळा पडलेला, कुठल्या तरी कचेरीने भंगारात काढलेला. काळी स्क्रीन आणि त्यावर हिरवी अक्षरं. पण लोक त्याच्यापुढे आवाज खाली आणून बोलायचे.

कारण हा कॉम्प्युटर सांगायचा की समुद्रापलीकडे गेलेली मुलं कुठे आहेत.

आमच्या गावात ज्या घरातून कुणी होडीत बसून गेलेलं नाही, असं घर सापडायला कठीण. काहींचे इटलीहून फोन येतात. काहींचे येत नाहीत. ज्यांचे येत नाहीत, त्यांच्या आया ह्या अंगणात बसत.

"विंडोज नाहीये त्यात," हसूना टॅक्सीवाला रांगेतल्या बायकांना समजावत होता. "विंडोजमध्ये व्हायरस शिरतो, आणि व्हायरस शिरला की मशीन खोटं बोलायला लागतं. हे जुनं आहे. जुन्या वस्तू प्रामाणिक असतात."

"तुझी टॅक्सी पण जुनीच आहे की," सालहा खाला म्हणाली.

"ती बंद पडते, खाला. पण खोटं बोलत नाही."

"आणि ह्याला इंटरनेटची वायर कुठाय?" कोणी तरी विचारलं.

"वायर सी शादलीने सगळ्यांदेखत उपटून टाकली. वायर असली की कंपन्या ऐकतात. बिनवायरीचं असूनही उत्तर देतं, म्हणून तर मानायचं."

सालहा खालाने आपला फोन पदराखालून काढला आणि आमच्यापुढे धरला. "हे बघ रिहेम, मी साबण घ्यायचं नुसतं मनात आणलं होतं, तर ह्याच्यावर साबणाची जाहिरात आली. इंटरनेटला माझा साबण कळतो, मग माझा पोरगा कुठे आहे ते का नाही कळणार?"

जाहिरातीतला साबण खरंच तिचा नेहमीचा होता. 

माझा दादा अनीस वसंत सरता सरता गेला. निघताना त्याने एकच मेसेज पाठवला होता, 'समुद्र शांत आहे.' त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. आमच्या किनाऱ्यावर समुद्र कधीकधी माणसं आणून टाकतो, नाव-गाव काही कळत नाही अशी. त्यांची ओळख पटवण्यासाठी दवाखाना घरच्यांना बोलावतो, तोंडात कापूस फिरवून थुंकी घेतो आणि जुळते का ते बघतो. आम्हालाही निरोप आला. आई म्हणाली, "मेलेल्यांच्या रांगेत माझा मुलगा मी उभा करणार नाही." आणि दार लावून घेतलं.

मग ती शादलीकडे गेली. यंत्राने सांगितलं, अनीस जिवंत आहे. सिसिलीत आहे. डोक्याला मार लागलाय, स्वतःचं नाव विसरलाय, म्हणून फोन नाही.

आईने त्या दिवशी कित्येक दिवसांनी स्वयंपाकात मीठ बरोबर टाकलं. मला खूप बरं वाटलं होतं. पण बाबांनी दुसऱ्या दिवसापासून होडीला डांबर लावायला घेतलं.

माझे बाबा समुद्रातून स्पंज काढतात. त्यांची होडी उथळ पाण्यात जाऊन संध्याकाळी घरी यायच्या लायकीची. जिना चढले तरी त्यांना धाप लागते. बाबा पेट्रोलचे डबे साठवायला लागले तेव्हा मी विचारलं, "बाबा, ह्या होडीत? सिसिलीला?"

"पोरगं नाव विसरून पडलंय तिकडे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला ते सांगता यायचं नाही. बापाला बघितलं तर आठवेल."

"आणि वाटेत काही झालं तर?"

"वारा पडला की निघतो." एवढंच.

रेडिओने सांगितलं होतं की शनिवारी पहाटे वारा पडणार. आणि हा शुक्रवार होता, आदला दिवस. बाबा फक्त गावाचं नाव विचारायला रांगेत आले होते.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. आमच्या शाळेत बस्मा बाई कॉम्प्युटर शिकवतात. त्या आमच्या हातांवर ओढणी टाकतात आणि टाइप करायला लावतात, बटणं दिसता कामा नयेत. सुरुवातीला सगळा वर्ग रडकुंडीला आला, आणि मग त्यातूनच आमचा खेळ निघाला. गणिताच्या तासाला एकीने रिकाम्या बाकावर बोटं आपटून काहीतरी 'टाइप' करायचं, आणि बाकीच्यांनी ते नुसतं बोटांवरून वाचायचं. गणिताच्या सरांच्या विगबद्दल आम्ही अख्खे निबंध असे लिहिलेत. ह्या खेळात वर्गात माझा हात धरणारी कुणी नाही, हे मी लाजत नाही सांगायला.

म्हणून त्याआधीच्या शुक्रवारी, सगळे स्क्रीनकडे बघत असताना, मी सवयीने शादलीच्या बोटांकडे बघत होते, आणि मला काहीतरी खटकलं.

प्रत्येक प्रश्नाआधी तो यंत्राला सलाम टाइप करायचा. स्क्रीनवर अक्षर अक्षर उमटायचं: 'हे सत्यवक्त्या, तुला सलाम. हे सत्यवक्त्या, आम्हाला उत्तर दे.' आता 'हे सत्यवक्त्या' हे शब्द दोनदा येतात. म्हणजे बोटंही दोन्ही वेळा त्याच बटणांवर पडायला हवीत. त्याची पडत नव्हती. स्क्रीनवर तेच शब्द, आणि बोटं भलतीकडेच.

 मला वाटलं, मीच चुकत असेन. पण ह्या शुक्रवारी अंगणात शादलीची बहीण मब्रूका खाला चहा घेऊन फिरत होती. बदाम घातलेला गोड चहा. प्रत्येकीच्या शेजारी ती जरा टेकायची, हात हातात घ्यायची. "कसा होता गं तुझा दादा? काही खूण?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मनगटावर पक्षी गोंदवलेला होता, खाला. डाव्या."

दादाच्या अंगावर काहीही गोंदवलेलं नव्हतं; हा पक्षी चहाच्या ट्रेवरून यंत्रात जातो का, ते मला बघायचं होतं. त्याला सुईची एवढी भीती की दाताच्या डॉक्टरकडे तो बाबांचा हात धरून जायचा, वयाच्या विसाव्या वर्षी.

आधी सालहा खालाचा नंबर लागला. शादली खुर्चीत बसला, बोटं मोडली आणि त्याचं नेहमीचं सुरू झालं. "बहिणींनो, मन निर्मळ ठेवा. ज्याचं मन मळकं, त्याचं नेटवर्क मिळत नाही. ह्या यंत्राच्या मेमरीत सात समुद्रांचा डेटा आहे, पण तो उघडतो फक्त श्रद्धेच्या पासवर्डने."

"आमीन," हसूना म्हणाला.

शादलीच्या उजव्या हाताच्या एका बोटाने खालच्या ओळीतलं पूर्णविरामाचं बटण दाबलं. स्क्रीनवर पूर्णविराम उमटला नाही. मग सलाम सुरू झाला, आणि मी बोटं वाचायला लागले. स्क्रीनवर येत होतं, 'हे सत्यवक्त्या, तुला सलाम'. बोटं लिहीत होती, 'मार्सेलमध्ये आहे, बेकरीत काम करतो'. मग परत पूर्णविराम. मग शादलीने प्रश्न टाइप केला, सालहाचा मुलगा कुठे आहे, आणि एंटर दाबलं. हिरवी अक्षरं उमटली: 'मार्सेलमध्ये आहे, बेकरीत काम करतो.'

सालहा खाला जमिनीवर बसली आणि रडायला लागली. बायका तिला कवटाळत होत्या.  उत्तर मला तिच्या आधी माहीत होतं.

मग आमचा नंबर. सलाम झाला, प्रश्न झाला, एंटर. 'अनीस सिराक्युज गावात आहे. डाव्या मनगटावर पक्षी. बापाची वाट बघतोय.'

मी आईकडे बघितलं. आता तिला कळेल, असं मला वाटलं. आईच्या कपाळावर आठी पडली. जराशीच.

"तिकडे गेल्यावर गोंदवून घेतलं असेल," ती हळूच म्हणाली.

"आई, तो सुईला घाबरायचा."

"तेच म्हणते ना. नाव विसरलाय, भीतीपण विसरला असेल."

बाबा गावाचं नाव ओठातल्या ओठात पाठ करत होते. सिराक्युज, सिराक्युज. मला कळून चुकलं, आशेला कसल्याही पुराव्याची अडचण होत नाही. ती पक्षीसुद्धा गिळून टाकते.

मी पुढे गेले. "सी शादली, मी टाइप करू? सख्खी बहीण आहे. माझ्या हाताला जास्त सांगेल."

"कर की," तो हसला आणि उठला. मी सलाम टाइप केला, प्रश्न टाइप केला, एंटर दाबलं. 'संशयी हातांना उत्तर नाही.'

अंगणात कुजबूज झाली. "बघितलंत?" शादली म्हणाला. "मुली, शाळेत जाऊन डोकं मोठं होतं, मन नाही."

"परत करते," मी म्हटलं. "हसूना काका, जरा इकडे या. कोपर टेका कीबोर्डवर."

"कोपर?"

"टेका हो. टॅक्सीच्या हॉर्नवर टेकता तसं."

मी आधी पूर्णविरामाचं बटण दाबलं. हसूनाने कोपर टेकलं आणि घासलं. स्क्रीनवर एकही काना-मात्रा न चुकता उमटलं: 'हे सत्यवक्त्या, तुला सलाम.' त्याने घाबरून हात काढला. मग मी दोन्ही मुठी आपटल्या. 'हे सत्यवक्त्या, आम्हाला उत्तर दे.' कोंबडी उचलून बटणांवर ठेवली असती तरी हाच शुद्ध सलाम आला असता.

"हा सलाम आधीच आत भरून ठेवलाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "पूर्णविराम दाबला की तुम्ही काहीही दाबा, स्क्रीन सलामच दाखवते. आणि तुम्ही जे खरोखर दाबलंत ते लपवून ठेवते. परत पूर्णविराम दाबला की लपवणं बंद. एंटर दाबलं की तेच लपवलेलं उत्तर म्हणून बाहेर काढते. आता हसूना काकांच्या कोपराचं उत्तर बघा."

पूर्णविराम. प्रश्न. एंटर. स्क्रीनभर वेडीवाकडी अक्षरं, ज्यांचा कुठल्याच भाषेत अर्थ लागत नाही.

मग मी पुन्हा केलं. सलाम उमटत राहिला आणि माझी बोटं मला हवं ते लिहीत राहिली. एंटर. 'मला काहीच माहीत नाही. शादली बोटांनी भरवतो आणि मब्रूका चहाबरोबर विचारून घेते. पक्षी रिहेमने बनवला.'

मब्रूका खालाच्या हातातला ट्रे खाली आला.  

शादली भिंतीला टेकला. "मी कुणाला वाईट सांगितलं का?" तो म्हणाला. "एकीला तरी सांगितलं, की गेला? घरी जाऊन निदान झोपल्या असतील."

"मी उद्या पहाटे निघणार होतो, शादली," बाबा म्हणाले. "माझ्या होडीतून."

शादलीने बाबांकडे बघितलं. त्या होडीकडे गावात सगळ्यांनीच बघितलेलं आहे. मग तो भिंतीला धरूनच खाली बसला.

बायका एक एक करून उठल्या. तेलाचे डबे कुणी परत घेतले, कुणी विसरून गेल्या. सालहा खाला सगळ्यात शेवटी गेली. दारातून तिने माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. ती माझ्यावर रागावलेली नव्हती. मी तिच्या हातातून काहीतरी काढून घेतलं होतं आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

आई मात्र खुर्चीशेजारी उभीच होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रिहेम."

"काय गं?"

"तुला येतं ना आता ते. तूच लिही. एकदाच. तो आहे म्हणून लिही."

बाबा मान फिरवून उभे राहिले. माझी बोटं बटणांवर होती. मला जमलं असतं. एवढं सोपं वाक्य. आणि आईने घरी जाऊन पुन्हा मीठ बरोबर टाकलं असतं.

"आई," मी म्हटलं, "मी लिहिलं तर ते मीच लिहिलेलं असेल."

तेव्हा पहिल्यांदा आईने स्क्रीनवरची नजर काढली आणि माझ्या बोटांकडे बघितलं.  मग तिने ती आपल्या हातात घेतली, खुर्चीतून मला उठवलं, आणि आम्ही घरी आलो. शनिवारी पहाटे वारा खरंच पडला. समुद्र आरशासारखा होता. बाबांची होडी किनाऱ्यावर उलटी पडलेली होती आणि बाबा तिच्यावर बसून होते.

सोमवारी आई दवाखान्यात गेली. नर्सने कापूस पुढे केला तेव्हा तिने तोंड उघडलं, डोळे मात्र मिटून घेतले. उत्तर अजून आलेलं नाही. वाट बघणं भयंकर असतं, रात्री आईच्या खोलीतून आवाज येतो आणि मी उशीत कान खुपसते. पण जे उत्तर येईल ते कुणी चहा पाजून काढून घेतलेलं नसेल.

तुमच्याही घरी फोन असेल, कॉम्प्युटर असेल. तो तुमचा साबण ओळखतो, कारण कधीतरी तुम्ही काही शोधलंत, कुठे थांबलात, काय घेतलंत, ते कुणी तरी टिपून ठेवलेलं असतं. मनातलं त्याला ऐकू येत नाही. समुद्रात काय झालं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ते त्याला माहीत नाही. विंडोज असो, नसो, वायर असो, नसो. त्याच्या आत जे आहे ते कुणी तरी घातलेलं आहे. तेव्हा चमत्कार दिसला की रडा, हवं तर आमीन म्हणा, माझी आईसुद्धा म्हणाली होती. पण एक डोळा स्क्रीनवरून काढा आणि बटणांवर कुणाची बोटं आहेत ते बघा.