मंगळावरून मंदा परत येते का

मंदाच्या गोष्टीचा तिसरा आणि शेवटचा भाग घाटंजीच्या वाचनालयात आला, हे सत्यशीलाला बाजारात कळलं. भाजीची पिशवी घेऊन ती तशीच तिकडे गेली. मंदा म्हणजे मंगळावर जाणाऱ्या यानात चुकून अडकलेली शाळकरी मुलगी. दुसरा भाग संपला तेव्हा तिचं परतीचं यान बंद पडलं होतं. तो वाचला तेव्हा सत्यशीला नववीत होती, आता मॅट्रिकला होती.

"पुस्तक बांधणीला दिलंय," ग्रंथपाल वामनराव म्हणाले. "पुढच्या बाजाराला ये."

पुढच्या बाजारालाही तेच उत्तर मिळालं. ती निघाली, पण पायरीवर चप्पल घालताना तिला खिडकीतून दिसलं, वामनरावांनी टेबलाच्या खणातून पुस्तक काढून मांडीवर घेतलं होतं. ती परत आत गेली.

"काका, नवंकोरं पुस्तक बांधणीले कायले जाईन?"

वामनरावांनी चष्मा काढला. "थोडीच पानं उरलीत गं. मंदा इंजिनात शिरलीय. अशा वेळी पुस्तक हातावेगळं कसं करू?"

"मंग आता पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचा. सगळेच आयकतीन."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर वाचन सुरू झालं. शाळेतली पोरं आली, चहावाला आला. सत्यशीलाला रोज उशीर होऊ लागला, तेव्हा तिची माय रुखमाबाई कापूस वेचून परतताना तिला रागवायला आली आणि पायऱ्यांखाली उभी राहून ऐकू लागली.

"वर या, रुखमाबाई. तिथून नीट ऐकू येणार नाही," वामनराव म्हणाले.

त्या पायऱ्या ती कधी चढली नव्हती. क्षणभर थांबली, मग लुगड्याला चिकटलेला कापूस झटकून वर येऊन बसली. नंतर ती रोज येऊ लागली.

शेवटच्या दिवशी मंदानं यान दुरुस्त केलं, बाकीच्यांना पृथ्वीकडे पाठवलं आणि स्वतः गुरू ग्रहाकडे निघालेल्या तुकडीत गेली. वामनरावांनी पुस्तक मिटलं.

"अन् तिच्या मायले कोन सांगन?" रुखमाबाईनं विचारलं.

वामनरावांनी शेवटची पानं पुन्हा चाळली. "ते लिहिलेलं नाही."

"मंग हे बराबर नाही झालं. मायले इचारलंच नाही."

"इचारलं असतं तर तिनं जाऊ देलं असतं काय?" सत्यशीला म्हणाली.

रुखमाबाईनं विचार केला. "देलं असतं. पोरीले इंजिन दुरुस्त करता येते, तिले घरी बसवून काय करतं?"

सत्यशीलानं धीर केला. "माय, मले यवतमाळच्या कॉलेजात जायचं हाय."

लेक आपल्याला कुठे घेऊन आली, हे रुखमाबाईच्या ध्यानात आलं आणि ती हसू लागली. "तिथं एस.टी. जाते नं? मंग जाय. पह्यले मॅट्रिक तं हो."

सत्यशीला मॅट्रिक झाली, यवतमाळला गेली. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा घराला कडी होती.

"तुही माय वाचनालयात हाय," शेजारची रामीबाई म्हणाली. "तिनं एकच भाग आयकलाय म्हने. वामनराव आता तिले पह्यल्यापासून वाचून दाखवून राह्यले."

सत्यशीलानं पेटी रामीबाईकडे ठेवली आणि तीही तिकडेच निघाली.