घरचा वस्तरा

गिऱ्हाईक बदललं की न्हावी नवं ब्लेड काढायचा, तेही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, कागद फाडल्याचा आवाज येईल अशा बेताने. "आपल्याकडे तडजोड नाही," हे तो दिवसातून वीसदा तरी म्हणे. घरी मात्र न्हाणीघरात वस्तरा एकच, आणि त्यातलं ब्लेड पंधरा दिवस चाले. वर्षापूर्वी बदली होऊन थोरला भाऊ घरी राहायला आला, तेव्हापासून आधी तो दाढी करी, मग न्हावी, शेवटी वडील. घरच्या माणसांत कसलं आलंय उष्टं?

एके दिवशी खुर्चीतल्या मास्तरांनी आरशात बघत म्हटलं, "तुझे डोळे पिवळे दिसताहेत रे."

आरसा जुना झालाय, असं न्हाव्याने सांगितलं. दोन दिवसांत अन्नावरची वासनाच उडाली, तेव्हा बायकोने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. रक्तात 'बी' कावीळ निघाली.

थोरल्याने लगेच सूत्रं हातात घेतली. न्हाव्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, तांब्याला तर लाल दोरा. "दुकानात कुणाकुणाचे गाल कुरवाळतोस, मग दुसरं काय होणार?" असं सुनावून तो न्हाणीघरात गेला आणि त्याच वस्तऱ्याने गुळगुळीत होऊन आला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्स घरी आली. तांब्याचा दोरा पाहून म्हणाली, "हे कशाला? ही कावीळ रक्तातून पसरते, जेवणातून नाही. दाढीचं सामान कुणाचं कुणाचं एकत्र आहे?"

गावाला तडजोड नाही म्हणून सांगणारा न्हावी तांब्याचा दोरा सोडवत बसला. शेवटी बायकोनेच सांगून टाकलं.

सगळ्यांचं रक्त तपासलं. बायको आणि वडील सुटले, त्यांना लस टोचली. थोरल्याच्या रक्तात मात्र ही कावीळ कित्येक वर्षं गुपचूप मुक्काम ठोकून होती.

"पण मला तर कधी काही झालं नाही," थोरला पुटपुटला.

"तुम्हाला होत नव्हतं भाऊजी, तुम्ही देत होता," न्हाव्याची बायको शांतपणे म्हणाली.

न्हावी दोन महिन्यांत बरा झाला. थोरल्याला दर सहा महिन्यांनी तपासणी लागली. न्हाणीघरात तीन वस्तरे आले, तेव्हा वडील फार कष्टी झाले. "एका घरात तीन वस्तरे? लोक म्हणतील, वाटण्या झाल्या."

मग त्यांनी आपला वस्तरा उचलला, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली उशीखाली सरकवली.