सील न फोडता

हसू नका, बोलणारा मीच आहे. चकलांब्याच्या दूध संस्थेचा जुना संगणक. सध्या मुक्काम अडगळीच्या खोलीत, फुटक्या कॅनांच्या शेजारी. इथं दुसरं काही काम नाही, म्हणून बोलतोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, हे मलाच धड ठाऊक नाही. थर्माकोलातून बाहेर आलो तो थेट संस्थेच्या टेबलावर. दूध संघानं मला दिलं होतं आणि देताना पाठीवर कागदी सील चिकटवलं होतं. संघाच्या लेखी परवानगीशिवाय ते फोडायचं नाही, अशी अट होती. पोटात काय काय आहे, ते पुढच्या बाजूच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं.

मला चालवायच्या केशरबाई, संस्थेच्या सचिव. दुधाचे लिटर, फॅट, सभासदाचा नंबर, एवढंच माझं काम. मी तसा मंदच होतो. बटण दाबून बाई चहा ठेवायच्या, चहा पिऊन व्हायचा, तेव्हा कुठं मी जागा व्हायचो. "उठलास का रे बाबा?" असं विचारायच्या. त्यांचा राग मला कधी आलाच नाही.

चेअरमन सुंदरराव मात्र हौशी गडी. एका पोळ्याला त्यांच्या मनात आलं, की संस्थेचा बैल म्हणजे हाच! शिंगं रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट त्यांनी माझ्या तोंडावर फासला, गळ्यात झेंडूची माळ घातली, पुढ्यात पुरणपोळी ठेवली. मी अगदी फुगून गेलो. त्या रंगाखाली माझी चिठ्ठी गेली, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पुढं तो दुष्काळ पडला. संस्थेत चाळीस कॅन दूध यायचं, ते चारवर आलं. टँकरपुढं घागरींची रांग आणि गोठ्यात कडब्याची काडी नाही. अशात बातमी आली की संघामार्फत चारा छावणी मंजूर होणार, पण प्रत्येक जनावराची रोजची नोंद संगणकावर हवी. ज्या संस्थेचा संगणक ते ओझं पेलेल, तिलाच छावणी. अर्जात रकाने होते: प्रोसेसर कोणता, रॅम किती, जागा किती. रॅम चार जीबी पाहिजे. मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत, आणि घड्याळात चार वाजलेले.

सुंदररावांनी नखानं रंग खरवडला. रंगाबरोबर चिठ्ठीही निघून आली.

उंबऱ्यावर सिदू बसला होता. म्हातारा, सगळा जन्म जनावरांमागं गेलेला. दोन गाई आणि एक म्हैस, एवढंच त्याचं गणगोत. छावणी इथं झाली नाही तर ती वीस किलोमीटरवर जाणार होती, आणि त्याच्या जनावरांत तेवढं चालायचं बळ राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजार. ती विकायला न्यायची म्हणून पिकअपवाल्याला त्यानं सांगूनही ठेवलं होतं.

"खोलतोच याला," म्हणत सुंदररावांनी पेचकस उचलला.

याच पेचकसानं त्यांनी फॅट मोजायचं मशीन उघडलं होतं. ते बिचारं पुन्हा बोललं नाही.

"अहो चेअरमन, सील हाय त्याला! संघानं अर्जच बाद केला म्हंजे?" केशरबाई ओरडल्या.

सिदू उंबऱ्यावरूनच म्हणाला, "खोलता कावून? आमी काय जनावराचं पोट फाडून बघतो व्हय? दात बघतो, कास बघतो, चार पावलं चालवून बघतो. त्यालाच इचारा की."

सुंदरराव खो खो हसले. केशरबाई हसल्या नाहीत. गेवराईच्या संगणकाच्या क्लासात मास्तरांनी असंच काहीतरी दाखवलं होतं, ते त्यांना आठवलं. खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आणि त्यासोबत आर. छोटी चौकट उघडली. तिच्यात त्यांनी एकेक अक्षर शोधत 'एमएसइन्फो३२' असं इंग्रजीत टाइप केलं.

काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं मला लोकांनी दूध विचारलं, फॅट विचारली. तू कोण, असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आणि नवल असं की मला सगळं माहीत होतं! माझ्या प्रोसेसरचं नाव, माझी तारीख, डिस्कमधली मोकळी जागा, ओळीमागून ओळ पडद्यावर येत गेली. हे सगळं माझ्या आत आहे, हे मीसुद्धा त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा वाचत होतो. बाई वाचायच्या थांबल्या. सुंदररावांनी पेचकस हळूच खाली ठेवला.

"रॅम दोन," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पार उतरला.

"चार लिव्हा. कोण बघायला येतंय?" सुंदरराव म्हणाले.

त्यावर बोलला सिदू. ज्याची जनावरं जाणार होती, तो! "न्हाई बाई. खोटं नगा लिहू. उद्या ह्यो मदीच बसला तर छावणीतली समदी जनावरं उपाशी ऱ्हातील. आणिक कायतरी इचारा त्याला."

केशरबाईंनी तीन बटणं एकदम दाबली. दुसरी चौकट उघडली. मेमरीच्या खाली बारीक अक्षरात माझ्याकडून उत्तर गेलं: रॅम बसवायच्या खाचा दोन, वापरात एक.

"अगं बाई! एक खाच रिकामी हाय याच्यात!" त्या उठून उभ्याच राहिल्या. न उघडता, हात न लावता माझ्या पोटातली मोकळी जागा त्यांना दिसली होती. मी थक्क झालो.

त्यांनी रकान्यात दोन लिहिलं आणि शेऱ्यात खरं तेच: एक खाच रिकामी, रॅम वाढवता येते. अर्ज गेला तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी बाजाराचा पिकअप सिदूच्या दाराशी येऊन हॉर्न वाजवून गेला. सिदू उठला नाही. सांजच्याला फोन आला. संघाचा माणूस रॅम घेऊन येतोय, छावणी चकलांब्यालाच!

त्या माणसानं रीतसर सील काढलं, झाकण उघडलं. आत खाच रिकामी होती, सांगितली तशीच. सिदूनं वाकून पाहिलं आणि माझ्यापुढं हात जोडले. मला लाजल्यासारखं झालं.

छावणीत अकराशे जनावरं आली. मी धापा टाकल्या, पण एकही दिवस बसलो नाही. रानात हिरवं दिसायला लागल्यावर छावणी उठली, आणि सिदूची नोंद बंद करताना मी अडलो. आलेली जनावरं तीन, निघालेली चार. चूक आहे, असं मी पुन्हा पुन्हा दाखवत राहिलो.

"चूक न्हाई बाबा," केशरबाईंनी डोळ्याला पदर लावला. "म्हैस व्याली त्याची. रेडी झाली."

तो चौथा आकडा मी घेतला. आता नवा संगणक आलाय, मला भंगारात देणार आहेत. द्या बापडे, माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी एकदा मला चालू करा आणि ती नोंद उतरवून घ्या: मालक सिदू, आलेली तीन, गेलेली चार, सर्व जिवंत.