उकिडवं बसणं

पूर्वीला बकासन जमत नव्हतं, आणि ते जमल्याशिवाय नेरूळच्या योगवर्गात तिला शिक्षिका म्हणून घेणार नव्हते. दोन्ही तळवे जमिनीवर, गुडघे दंडांवर, पावलं अधांतरी. बघायला एवढंच, पण ती दर वेळी नाकावर आपटायची. वर्गाच्या बाई म्हणाल्या, हातांत ताकद भरपूर आहे, खांदे आणि खुबे आखडलेत, ते आधी मोकळे कर.

लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासूशी तिचं सूत जुळलं नव्हतं. सून साताऱ्याकडच्या माळकरी घरातली, मासळीच्या वासानेच तिला मळमळायचं. सासू येसूबाई करावे गावची कोळीण, सारा जन्म खाडीत आणि बाजारात गेलेला. येसूबाईच्या मुलाने, प्रितेशने, आपल्या मनाने लग्न केलं आणि मोकळा झाला. घरात मात्र दोन बायका पाहुण्यांसारख्या वावरत राहिल्या. भांडण नाही, बोलणंही नाही. त्यापेक्षा भांडण परवडलं असतं.

एका संध्याकाळी येसूबाई अंगणात उकिडवी बसून खाडीतल्या शिवल्या, म्हणजे शिंपले, साफ करत होती. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे थेट काखेजवळ. पूर्वी बघतच राहिली. बाईंनी वर्षभर जे घोकून घेतलं होतं ते ही म्हातारी शिवल्या साफ करता करता करत होती. पूर्वीने धीर करून विचारलं, मला असं बसायला शिकवाल का? येसूबाईला हसू आवरेना. मग तिने सुनेच्या टाचांखाली गोणपाटाची घडी सरकवली आणि तिला शेजारी बसवलं.

तेव्हापासून रोज पाच वाजता दोघी अंगणात. आधी बसणं, मग जाळ्याची जुनी दोरी दोन्ही हातांत धरून डोक्यावरून पाठीमागे नेणं, खांद्यांसाठी. पहिला आठवडा पूर्वी नाकाला रुमाल बांधून बसली, पुढे रुमाल विसरली. हात चालू असायचे आणि येसूबाई बोलत राहायची. प्रितेशच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, तीन महिन्यांची होऊन गेली. हे प्रितेशलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात येसूबाई उठताना दाराची चौकट धरू लागली. वय झालं, म्हणाली. पूर्वीच्या अंगात नवी विद्या संचारलेली. तिने सासूचा खुबा चाचपून पाहिला आणि ठरवून टाकलं, आई, आखडलंय, जास्त वेळ बसलात की मोकळं होईल. रोज ती स्वतःच्या हातांनी सासूचे गुडघे बाहेर दाबायची. येसूबाई डोळे मिटून घ्यायची आणि बरं वाटतं म्हणायची. त्या मिटल्या डोळ्यांकडे पूर्वीने एकदा तरी नीट बघायला हवं होतं.

अखेर एके दिवशी बकासन जमलं. पूर्वीने पाच श्वास पावलं अधांतरी धरली, मोजले येसूबाईने. मग सुनेची दृष्ट काढायला म्हणून ती उठू लागली आणि उठलीच नाही.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला. खुब्याचा गोळा वर्षभरापासून झिजत होता, आता खचलाय. ऑपरेशननंतर चालता येईल, पण जमिनीवर बसणं कायमचं बंद. आणि अशा खुब्यावर कुणी जोर दिला, असंही त्यांनी विचारलं. पूर्वीने आपले हात ओढणीखाली घेतले.

डॉक्टर गेल्यावर ती खाटेच्या कडेला बसून रडली. "आई, एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाहीत?"

येसूबाईने तिच्या हातावर हात ठेवला. "सांगला आसता त तू रोज माजेजवल बसली आसतीस का?"

बसले असते, असं पूर्वीच्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि हे दोघींनाही माहीत होतं.