खाली न आलेला झेंडा

मी एक जुनी कप्पी आहे. बंदर कचेरीसमोरच्या झेंड्याच्या खांबावर, अगदी टोकाला, मी एकोणतीस वर्षं काढली. मित्रांनो, झेंड्याला सगळे सलाम करतात. खांबालाही अधूनमधून पांढरा रंग मिळतो. पण ज्या चाकावरून दोरी फिरते, त्याच्याकडे मान वर करून कोण बघतो? कोणी नाही. मी तशी तोंडाळ नाही, पण हे एकदा सांगायलाच हवं होतं.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. लोखंडाच्या दोन पाकळ्या, मध्ये खाचेचं चाक आणि चाकातून आरपार गेलेला आस, एवढाच माझा संसार. मला खांबावर बसवलं तेव्हा कचेरीतल्या शिपायाने माझ्यात तेलाचे चार थेंब सोडले आणि म्हणाला, "आता कुरकुरायचं नाही हं!" पहिली काही वर्षं मी खरोखरच कुरकुरले नाही. सकाळी झेंडा वर, संध्याकाळी खाली. मी मजेत फिरत होते.

कुणी गेलं की मात्र झेंडा अर्ध्यावर उतरवायचा. त्याची रीत आहे. झेंडा थेट अर्ध्यावर नेऊन बांधायचा नाही. आधी तो पार टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग हळूहळू अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी काढतानाही तसंच, आधी टोकाला आणि मग खाली. एकदा शाळेची मुलं आली होती, तेव्हा शिपायाने त्यांना सांगितलं, "वरची मोकळी जागा मृत्यूच्या झेंड्यासाठी असते, असं जुनी माणसं मानतात. तो आपल्याला दिसत नाही." मुलं डोळे विस्फारून वर बघत राहिली.

त्या मोकळ्या जागेत मी एकटीच असायचे. खरं सांगते, मला भीती वाटायची. वारा पडलेला असला तरी दोरीवर कुणाचा तरी भार जाणवायचा.

एका हिवाळ्यात धुक्यात बंदराची लाँच बुडाली. लाँचवर तिघं होते. दोघांचे मृतदेह सापडले आणि त्यांच्यासाठी झेंडा अर्ध्यावर आला. मी तेव्हाच करकरत होते. तेल घालून तीन वर्षं झाली होती, आणि खाऱ्या हवेने माझं चाक आसाला धरत चाललं होतं. शिपाई रोज म्हणायचा, "उद्या शिडी आणतो." त्याचा तो उद्या काही उजाडला नाही.

तिसरा, लाँचचा इंजिनवाला, सापडलाच नाही. तो शिपायाचा जिवलग मित्र. पंधरा दिवस वाट बघून साहेबांनी हुकूम काढला की त्यालाही मृत धरावं आणि झेंडा अर्ध्यावर आणावा. इंजिनवाल्याची बायको मुलीचा हात धरून खांबाजवळ उभी होती. शिपायाने रीतीप्रमाणे झेंडा टोकापर्यंत चढवला, थांबला आणि खाली ओढू लागला.

मी फिरले नाही. माझं चाक जाम झालं होतं. शिपायाने जोर लावला तशी दोरी चाकावरून घसरली आणि माझ्या पाकळीच्या फटीत रुतून बसली. झेंडा टोकालाच फडफडत राहिला. लोक कुजबुजू लागले, आणि ती बाई मोठ्याने म्हणाली, "बघा, त्या दोघांसाठी आला, यांच्यासाठी येत नाही! हे जिवंत आहेत."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जीव आला होता. तो बघून, तेलावाचून कप्पी जाम झाली हे सांगायला शिपायाची जीभ रेटेना. साहेबांच्या रागाचीही धास्ती होतीच. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने शिडी लावून दोरी सोडवली, हातोडीने ठोकून माझं चाक मोकळं केलं. पण साहेब म्हणाले, "आता पुन्हा तो तमाशा नको." इंजिनवाल्यासाठी झेंडा उतरला नाही तो नाहीच.

त्यानंतर बारा वर्षं ती दर सोमवारी कचेरीत यायची. "काही बातमी, भाऊजी?" एवढंच विचारायची, आणि जाताना खांबाच्या टोकाकडे, म्हणजे माझ्याकडे, बघून हात जोडायची. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. आईला सारखी बोलवायची, पण ही जाईना. "ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?" म्हणायची. धुकं पडलं की मला खालून लाँचच्या इंजिनाची ठकठक ऐकू यायची. बंदरात तेव्हा एकही लाँच नसायची.

यंदा खांबावर पितळी कप्पी आली. मला उतरवून शिपायाच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवलं. सोमवारी ती आली, प्रश्न विचारला आणि सहज मला हातात घेतलं. बोटाने चाक फिरवलं. मग पाकळीवर दोरी रुतली होती तिथल्या खोल चऱ्यावर तिचं बोट थांबलं.

"ही कुठली?"

"वरची, वहिनी. खांबावरची."

ती इंजिनवाल्याची बायको होती. तिला जास्त सांगावं लागलं नाही. "यांच्या इंजिनाचा पट्टा असाच उतरायचा," ती म्हणाली, "तेल नसलं की."

शिपाई खाली बघत म्हणाला, "माझ्याकडून राहिलं होतं, वहिनी. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"बारा वर्षं मी दोन ताटं वाढतेय, भाऊजी."

तो रडू लागला. ती रडली नाही. मला टेबलावर ठेवून उठली आणि म्हणाली, "चला, उतरवा."

"त्याला साहेबांचा हुकूम लागतो."

"हुकूम तेव्हाच निघाला होता. तो रद्द केलाय का कुणी?"

कागदावर कुणीच केला नव्हता. मी खिडकीतून सगळं बघितलं. टोकाला फडकणाऱ्या झेंड्याची दोरी तिने स्वतःच्या हातात घेतली, शिपाई शेजारी उभा राहिला. झेंडा हळूहळू अर्ध्यावर आला. नव्या कप्पीने हूं की चूं केलं नाही. दोरी बांधून झाल्यावर ती खांबाला कपाळ टेकवून उभी राहिली, आणि पहिल्यांदाच नवऱ्याचं नाव घेऊन रडली. पुढच्या सोमवारी ती आली नाही. लेकीकडे गेली, असं शिपायाने कुणाला तरी सांगितलं.

मित्रांनो, उंचावर बसलेल्या, कुणाला न दिसणाऱ्या माझ्यासारख्या वस्तूंना वेळेवर तेल घाला. कधी विसरलात, तर ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारी त्याच दिवशी जा आणि खरं सांगा. तो रागावेल, रागावू द्या. मी तिला सांगू शकले नाही, कारण मला तोंड नव्हतं.